गाड्यांच्या रांगेतली मसलत

माझी फारशी कचेरीतली. वडील अचलपूरला निजामाच्या अमलात दफ्तरात होते. त्यांनी मला ती भाषा शिकवली ती शेतसाऱ्याच्या, हद्दींच्या आणि इनामांच्या जुन्या कागदांवरून. पुढे इंग्रजांचा अंमल आला, फारशीला कोणी विचारीना, आणि मी बायकोला घेऊन अमरावतीला आलो. मराठी कागद लिहून देण्यावर आमचं कसंबसं चालत होतं.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली. विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडावर वळली. अमरावतीच्या कापूसबाजारात मारवाडी आले, कच्छी आले, पारशी आले, टोपीवाले साहेब आले. राहायला जागा मिळेना. त्या गर्दीत मुंबईच्या एका इराणी व्यापाऱ्याचा खरेदीदार आला. तोही इराणी, यझ्द गावचा. त्याला हिंदुस्थानी मोडकीतोडकी येत होती आणि वऱ्हाडी अजिबात नाही. कोणीतरी माझं नाव सुचवलं.

मी गेलो तेव्हा तो सरकीच्या ढिगाशेजारी बाजेवर बसला होता. पन्नाशीला आलेला, दाढी निम्मी पांढरी, आणि वैशाखाच्या उन्हात डोक्यावर काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी. मी वाकून फारशीत म्हणालो, "सेवक हुजुरांच्या खिदमतीत रुजू आहे, आज्ञा व्हावी."

तो हसायलाच लागला. म्हणाला, "तुम्ही बोलता ते माझ्या आजोबांच्या खरेदीखतासारखं वाटतं."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याच दिवशी मी त्यांचा दुभाषी झालो. बाजार त्यांना आगा म्हणायचा, मीही आगाच म्हणू लागलो.

गावात भाडी फार, म्हणून आगांनी वेशीबाहेर एका माळ्याच्या मळ्यात झोपडी घेतली. माळीबुवा वांगी, मेथी लावायचे. माळीणबाई शेवंती आणि झेंडू घेऊन अंबादेवीपाशी बसायच्या. दिवसभर आगा बाजारात कापूस पाहत. सांजेला हातपाय धुऊन झोपडीबाहेर बसत आणि हळू आवाजात, सुरावर काहीतरी म्हणत. रोज. माळीणबाईंनी थोडे दिवस ऐकून घेतलं आणि एकदा मला अडवलं.

"मुन्शीभाऊ, हा मानूस रोज सांजच्याले काय म्हनून रायला? रडून रायला का गाऊन रायला?"

मी आगांना विचारलं. ते म्हणाले, "प्रार्थना आहे. बाईंना सांगा, ऐकायला बसल्या तर मला आनंद होईल."

माळीणबाई बसल्या. माळीबुवा जरा लांब, विहिरीवरच्या मोटेच्या धावेवर बसले. मला प्रत्येक ओळीचा अर्थ सांगायचा होता, आणि तिथं माझी पंचाईत झाली. माझ्या फारशीत जमाबंदी होती, हुकूम होता, माफी होती. प्रार्थनेला लागणारे शब्द मी कधी शिकलोच नव्हतो. मी सांगितलं, "देवा, आम्ही तुझ्या दरबारी रुजू झालो आहोत, आमचा अर्ज मंजूर करावा."

माळीणबाई म्हणाल्या, "हे तं कचेरीतलं झालं. देवाले काय शिक्क्याच्या कागदावर द्या लागते?"

माळीबुवा धावेवरून ओरडले, "राहू दे, राहू दे! अर्जच करा लागते देवाले. फुकटात कोन देते?"

त्या दोघांचं तिथंच जुंपलं. आगा माझ्याकडे पाहत राहिले. मी थोडक्यात सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढा वेळ ते भांडले आणि तुम्ही मला चारच शब्द दिलेत. सगळं सांगा." मग मी सगळं सांगितलं, शिव्यांसकट. आगा इतके खूश झाले की त्यांनी माळीबुवांना जवळ बोलावून फुटाणे आणि गूळ दिला. त्या संध्याकाळी आम्ही त्या एका ओळीवर बराच वेळ घालवला. शेवटी बाईंनी ती अशी करून घेतली: "देवा, आमी आलो, तुह्यापाशी बसलो." माळीबुवांना ती अखेरपर्यंत अपुरीच वाटायची. ते आपल्या मनाने पुढे "काही कमीजास्त झालं असन तं माफ कर" असं जोडायचे.

अशी आमची बैठक सुरू झाली. आठवडी बाजाराच्या आदल्या सांजेला. पुढे एक पिंजारी यायला लागला, आमच्या आळीत राहणारा, मुसलमान. आणि बाजारातला एक हमाल. एकत्र जेवायचा प्रश्न तेव्हा नव्हताच. फुटाण्याला कोणाची हरकत नसते, म्हणून फुटाणे. आगा त्यांच्या पंथाबद्दल थोडंच बोलायचे. देव एक आहे, माणसांची जात एक आहे, पुरोहित नको, आणि चार माणसांनी बसून मसलत केली तर एकट्याला सुचत नाही ते सुचतं. मसलत हा शब्द आम्हाला नवा नव्हता. पण आमच्याकडे मसलत करायचे ते पाटील-देशमुख, दार लावून. आगांचं म्हणणं होतं की ज्याला त्रास आहे तो पहिला बोलला पाहिजे.

गावात कुजबुज झाली. माझी बायको एका दुपारी भाकरी थापता थापता म्हणाली, "पाण्यावर बाया म्हनून रायल्या का तुमी बाटनार."

"आणि तुला काय वाटतं?"

"मले काय वाटनार? मी पाहिलं कुठं त्याले?"

मी आगांना सरळ विचारलं, "तुम्ही आम्हाला तुमच्या धर्मात ओढणार आहात का?"

मग त्यांनी मला पहिल्यांदा घरची हकीकत सांगितली. त्यांच्या मुलखात या पंथाच्या माणसांना भर चौकात मारत. त्यांचा धाकटा भाऊ तसाच गेला. त्यांच्या गुरूंना इराणच्या शहाने देशाबाहेर काढलं होतं आणि ते तुर्कांच्या मुलखात या गावातून त्या गावात हलवले जात होते. "माझ्या भावाला धर्मावरून ओढत नेलं," आगा म्हणाले. "मी कोणाला ओढीन असं तुम्हाला वाटतं? माझ्यापाशी आहे ते समोर ठेवतो. नको असेल तर झाकून ठेवीन."

मी हे घरी येऊन सांगितलं. पुढच्या बैठकीला बायको माझ्यामागून मळ्यात आली आणि माळीणबाईंच्या शेजारी बसली. त्यानंतर ती चुकली नाही. मीच कधीमधी चुकायचो.

दोन हंगाम असे गेले. मग मुंबईहून आगांना निरोप आला की अकोल्याला जा. आगगाडी तिथं येणार आहे, खरेदी आता तिकडे. बायकोला माहेरी ठेवून मीही त्यांच्याबरोबर निघालो. बडनेऱ्यावरून, मुर्तिजापूरवरून, बैलांच्या दमणीने. वाटेत आगा उत्साहात होते. अमरावतीत जशी बैठक जमली तशी अकोल्यात जमवू म्हणाले. मला एव्हाना प्रार्थनेचे बरेच शब्द आले होते, मलाही धीर होता.

अकोल्यात मोर्णा नदीच्या पूर्वेला, बाजाराच्या अंगाला, आम्ही एक खोली घेतली. आगांनी अंगण सारवून घेतलं, चटया आणल्या, फुटाणे आणले. कोणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. महिना गेला. संध्याकाळी आम्ही दोघंच चटईवर बसायचो आणि रस्त्याने जाणारी माणसं आमच्याकडे पाहून पाय उचलायची. मी लोकांना नावं ठेवायला लागलो. आगा म्हणाले, "त्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही. आपण अमरावतीचं उत्तर घेऊन आलो. इथला प्रश्न आपण विचारलाच नाही."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कापसाच्या बाजाराकडे गेले. तोवर अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी येऊन पोचली होती. भाव घसरायला लागला होता. खरेदीदार हात आखडून बसले होते आणि शेतकऱ्यांच्या गाड्या वजनाची वाट पाहत रस्त्यावर उभ्या होत्या, बाजारापासून पार बाभळींच्या बनापर्यंत. भरलेली गाडी परत न्यायची कोणाची तयारी नव्हती. उद्या भाव चढेल, परवा चढेल, असं करत माणसं गाडीखाली झोपत होती.

आगा एका गाडीपाशी उकिडवे बसले आणि माझ्याकरवी विचारलं, "तुम्हाला इथं कशाची अडचण आहे?"

दर्यापूरकडचा एक म्हातारा होता, मिशा झुपकेदार. त्यानं आगांना खालून वर पाहिलं. "तू कापूस घेनारा. आमच्या अडचनीशी तुले काय काम? अडचन समजली का भाव पाडशीन."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. आगा उठले. "बरोबर बोलतो," एवढंच म्हणाले.

त्याच पंधरवड्यात आगांच्या धन्याची मुंबईची पेढी बुडाली. आगांना परत बोलावणं आलं, नोकरी संपली असंही त्यात होतं. मला वाटलं, झालं, आता अमरावतीला. मी बोचकं बांधायला घेतलं. आगा म्हणाले, "मी हंगाम संपेपर्यंत राहतो. आता मी खरेदीदार नाही. पण तुम्हाला द्यायला माझ्यापाशी पगार नाही, तुम्ही जा."

मी का राहिलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. परोपकाराची हौस मला नव्हती. त्या माणसाला वऱ्हाडी येत नव्हतं, आणि तो उद्या पुन्हा त्या मिशीवाल्याकडे जाणार हे दिसत होतं. एकटा गेला असता तर मारच खाल्ला असता. मी दुपारी अर्ज-कागद लिहून पोटापुरतं मिळवायला लागलो आणि राहिलो.

या वेळी आगांनी काही विचारलं नाही. रोज जाऊन रांगेत बसायला लागले, नुसते. बसल्या बसल्या आम्हाला दिसलं ते असं. कापसाला आग लागण्याच्या भीतीनं रांगेजवळ चूल पेटवायला बंदी होती. भाकरी भाजायची तर नदीकाठी जावं लागे. पण गाडी सोडून जायचं कसं? मागून कोणी हात घालून कापूस ओढला तर? गाडीवर बरोबर माणूस असलेले बरे होते. जे एकटे होते ते घरून आणलेली भाकर संपली की भिजवलेली डाळ आणि कांदा खाऊन दिवस काढत होते. शेजारच्या गाडीवाल्यावर कोणाचा विश्वास नव्हता. गावं वेगळी, जाती वेगळ्या.

रांगेत एक बाई होती. विधवा, कारंज्याकडची. दीर आजारी म्हणून तीच गाडी हाकत आली होती. तिचे ओठ फुटलेले, चेहरा उतरलेला. आगा तिला म्हणाले, आणि हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेऊन स्वतःच्या तोंडाने म्हटलं, "बाई, तुमी जा, भाकर करा. मी बसतो गाडीपाशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोन हाय हा?"

"इराणी आहे. भला माणूस आहे."

"भला हाय तं इथं काहून आला?" ती म्हणाली. मग पिठाची पिशवी उचलली. भूकच तेवढी असणार. "बस. पन हात लावशीन तं पाहून घेईन."

आगा जुवावर बसले. ऊन चढत गेलं, ते हलले नाहीत. बाई परत आली, तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, कापूस दाबून पाहिला. तिच्या फडक्यात एक भाकर जास्तीची होती. ती तिनं जुवावर ठेवली आणि दुसरीकडे पाहत म्हणाली, "खाते का हा आमची?"

आगांनी ती तिथंच बसून खाल्ली, कोरडी. साऱ्या रांगेनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी विचारलं, मग आणखी काहींनी. आगा एकटे कुठं कुठं बसणार? त्यांनी मला म्हणायला सांगितलं की मी तर एक दिवस निघून जाईन. तुम्हीच एकमेकांच्या गाड्या पाहा. त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. कोण म्हणे अमक्या गावचे चोर, कोण म्हणे तमक्याची सावलीही नको. आगांनी सगळ्यांना बाभळीखाली बसवलं. एक बोलेल तेव्हा दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, एवढीच अट. ती अट पाळणं आमच्या वऱ्हाडी माणसाला किती जड जातं हे मी तिथं पाहिलं. मिशीवाला म्हातारा तर तोंडावर हात धरून बसला होता. ठरलं ते साधंच होतं: अर्ध्या गाड्या सकाळी नदीवर, अर्ध्या दुपारनंतर, मागे राहतील त्यांनी शेजारच्या गाडीवर नजर ठेवायची. चुली प्रत्येकाच्या वेगळ्या, पण एका ओळीत. गावकुसाबाहेरच्यांची ओळ पार खाली, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. आगांनी विचारलं की खाली का. लोक उठून आपापल्या गाड्यांकडे गेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी आपली चूल त्या खालच्या ओळीत मांडली. दोघं-तिघं त्यावरून फुटले आणि पुन्हा बाभळीखाली आले नाहीत.

आठ-दहा दिवस बरं चाललं. मग एका दुपारी बाळापूरकडच्या एका माणसाच्या गाडीतलं गाठोडं फाडलेलं निघालं, कापूस बराच गेलेला. नजर ठेवायला शेजारी होता तो एक अबोल पोरगेला गडी, नुकतंच लग्न झालेला. सगळे त्याच्यावर धावले. तो म्हणाला, "मी नाई घेतला," आणि नंतर तोंडच उघडेना.

मी आगांना म्हणालो, "तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

"मी पाहिलेलं नाही," आगा म्हणाले. "मी न्यायाधीश झालो तर मसलत संपली."

पुन्हा बाभळीखाली बसणं झालं. दिवस कलला तरी वाद मिटेना. कोणी म्हणालं याला हाकला, कोणी म्हणालं याच्या कापसातून भरून घ्या. मी दोन्ही बाजू आगांना सांगता सांगता थकलो. तेव्हा ती कारंज्याची बाई बोलली. ती गाडीची दांडी धरून उभी होती, बसली नव्हती.

"आमी सारे इथं हावो. चोर सापडला तं सापडला, नाई तं नाई. पन उद्यापासून मी पुन्हा डाळ चघळत बसनार नाई. सारेजन एक एक ओंजळ टाका याच्या गाडीत. आन यापुढं एका गाडीवर दोघं पाहातीन, दोन गावचे."

मिशीवाल्यानं तोंडावरचा हात काढला. "आन चोर बी टाकन ओंजळ?"

"टाकू दे. थोडा तं परत येईन."

लोक हसले, आणि त्या हसण्यात दुपारपासूनचा ताण जरा सैल झाला. मग एकेक जण आपल्या गाडीकडे गेला. तो अबोल गडीही गेला आणि त्यानं दोन ओंजळी आणल्या. गाठोडं पुरं भरलं नाही, पण बाळापूरवाला म्हणाला, "पुरे." चोर कोण होता ते कधी कळलं नाही. त्या गड्यावर काही लोकांचा संशय शेवटपर्यंत राहिला, आणि तो त्याला कळत होता.

त्यानंतर काही दिवसांनी मिशीवाला म्हातारा स्वतःहून आमच्याकडे आला. आगा नदीकाठी सांजेची प्रार्थना म्हणत होते. ती होईपर्यंत तो थांबला आणि मला म्हणाला, "काय म्हनते हा? रोज आयकून रायलो." मी सांगितलं. त्यानं ऐकलं, मान हलवली, "आमच्यासारखंच हाय," म्हणाला आणि बसला. आमची अकोल्याची बैठक ती. चटई नव्हती, फुटाणे नव्हते, आणि कोणी कोणाला बोलावलंही नव्हतं.

फाल्गुनात भाव आणखी उतरला आणि लोकांनी मिळेल त्याला कापूस घातला. रांग पाहता पाहता विरली. बाई गेली तेव्हा आगांना म्हणाली, "ये कारंज्याले." आगा वऱ्हाडीत म्हणाले, "येईन." गेले मात्र नाहीत. त्यांना आपल्या गुरूंना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. मुंबईहून गलबताने बसऱ्याला, तिथून पुढे. अकोल्याहून निघताना त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "तुमची फारशी आता खरेदीखतासारखी राहिली नाही." त्यांची पुढची खबर मला मिळाली नाही. यात्रेकरूंना विचारत होतो पुष्कळ वर्षं, मग विचारायचं सुटलं.

पुढच्या हंगामात कामानिमित्त अकोल्याला गेलो तेव्हा मुद्दाम बाजाराकडे वळलो. रांग लहान होती. नदीवर चुली होत्या, एका ओळीत आणि खालची ओळ वेगळीच. पण गाड्यांपाशी दोन-दोन माणसं बसली होती, आणि कोणी सुरू केलं म्हणून विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. नंतर आगगाडी आली, रुईच्या गाठी दाबायचे कारखाने आले आणि गाड्या थांबेनाशाच झाल्या. तेव्हा तेही संपलं.

अमरावतीची बैठक मात्र चालली. पिंजारी वारला, हमाल गावी गेला, त्यांच्या जागी दुसरे आले. कधी आम्ही तिघंच असू. माळीबुवांचं आणि माझं एकदा मळ्याच्या बांधावरचा निंब तोडावा की नाही यावरून असं बिनसलं की बैठक तीन महिने बंद होती. ती माझ्या बायकोनं सुरू केली. तिनं दोघांना बसवलं आणि सांगितलं की एक बोलेल तेव्हा दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही.

त्या पंथाला बहाई म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मुंबईहून आलेल्या एका इराणी फेरीवाल्यानं सांगितलं. नातू विचारतो, "मंग तुमी बहाई हा का हिंदू?" मी त्याला म्हणतो की सांजेला मळ्यात ये आणि बसून पाहा. तो दोनदा आला. दुसऱ्यांदा जाताना म्हणाला, "तुमी लोक बोलता लई." त्यात चूक काहीच नाही. उद्या पुन्हा बैठक आहे. मळ्याला पाणी कमी पडतंय, शेजारच्या बागवानाला आमच्याहून कमी मिळतंय, तोही येणार आहे, आणि आधी त्याचं ऐकायचं असं आम्ही ठरवलं आहे.